राजासमोरची फिर्याद

जे. पी. नगर, बंगळूर
बुधवार

प्रिय आर्या,

हे पत्र आपल्या ढोलकीवाल्या कल्लाप्पाअण्णांच्या हाती पाठवते आहे. तू तुझ्या मैत्रिणीकडे, सोनमकडे राहतेस एवढं मला कळलंय. पत्ता ठाऊक नाही आणि मी तो विचारलेला नाही. अण्णांना ठाऊक आहे, कारण त्या रविवारी हॉलच्या बाहेर तुला रिक्षात बसवून द्यायला तेच आले होते. सासू म्हणून मी यायला हवं होतं. मी आत गात होते. फोन तू उचलत नाहीस ते योग्यच करतेस. फोनवर मी तुला बोलू दिलं नसतं. माझी ही खोड तू लग्न झाल्यापासून सोसली आहेस. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं सुरू होतं. तुझ्या सासऱ्यांनी तर अर्ध्या वाक्यांवरच संसार रेटलाय. पत्राचं बरं असतं. नको वाटलं तर घडी घालून ठेवून दे, मला मधे तोंड घालता येणार नाही.

घरचं सांगायचं तर तुझा कढीपत्ता चांगला वाढलाय. सकाळी उठल्या उठल्या हे आधी त्याला पाणी घालतात, मग चहाचं आधण ठेवतात. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जन्मभर मशीनशी बोलून झालं, आता कुंडीशी बोलतात. तुझं हेल्मेट दारामागच्या खुंटीवर अजून तसंच आहे. ध्रुव परवा ते माळ्यावर टाकायला निघाला होता, तर हे लेकाला म्हणाले, राहू दे. एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की त्यानं ते परत खुंटीला अडकवलं. बाजारात अवरेकाळू, आपले पावटे, अजून येताहेत. सवयीनं मीही शेंगा आणल्या आणि सोलायला बसले, तर हात चालेना. मागच्या महिन्यात आपण दोघी बसलो होतो तशीच परात, तशीच शेंगांची रास, समोर तू नाहीस. शेवटी पिशवी बांधून फ्रिजमध्ये ठेवली, तिथं ती खराब झाली.

फाटकाशी फुलं विकणाऱ्या चंपाअक्का रोज विचारतात, सून दिसत नाही ती. पहिल्या दिवशी मी सांगितलं, पुण्याला माहेरी गेलीय. त्या 'सरी', बरं, म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी अबोलीचा गजरा न घेताच वर आले. नवऱ्यामागे त्यांनी तीन मुली वाढवल्यात. असली पुण्याची कारणं त्यांनीही कधी ना कधी दिली असतील. चर्चच्या मंडळीतही मी तेच सांगितलं. आईला बरं नाही म्हणून गेलीय, असं तुझ्या धडधाकट आईला आजारी पाडून मोकळी झाले. हे तुला सांगायलाच हवं, कारण उद्या कुणी तुला आईच्या तब्येतीचं विचारलं तर ते माझं खोटं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. आठवतं तुला, अवरेकाळू सोलताना तू मला राजाच्या खुर्चीबद्दल विचारलं होतंस. तुमच्या पुण्याच्या मंडळीत ऑर्गन आणि गायकवृंद. ख्रिस्ती कीर्तन तू लग्नानंतरच पहिल्यांदा पाहिलंस. पेटी, चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग, आणि विषय मात्र दावीद राजाचा, हे तुला फार गमतीचं वाटायचं. मला त्याचा किती अभिमान वाटायचा. सून आपल्याकडे काहीतरी शिकायला येते आहे, असं मी इथल्या बायकांना दोन-चार वेळा तरी ऐकवलं असेल.

ही खुर्ची मांडायची चाल माझ्या वडिलांची. दादा राहुरीकडच्या आमच्या गावात आणि आसपास कीर्तनं करायचे. वर्षाच्या पहिल्या रविवारी त्यांचं कीर्तन ठरलेलं असायचं आणि विषयही ठरलेला: स्तोत्रसंहितेतलं बहात्तरावं स्तोत्र, न्यायानं राज्य करणाऱ्या राजाचं. वेदीपुढे एक खुर्ची ठेवायची, तिच्यावर धुतलेली पांढरी शाल घालायची आणि ती रिकामी सोडायची. ती मशीहाची जागा. कीर्तनाला उभं राहिलं की दादा आधी मंडळीला विचारत, राजासमोर कुणाची फिर्याद आहे का. मग गप्प उभे राहत. कुणाची असली तर ती पुरी ऐकून, पंचांनी बसून तिचा निकाल लावल्याशिवाय कीर्तन सुरू करायचं नाही. एका वर्षी साळूबाई नावाच्या शेजारणीनं उठून खुद्द दादांचंच नाव घेतलं. पाटाच्या पाण्याची तिची पाळी असताना दादांच्या गड्यानं ते पाणी आमच्या शेताकडे वळवलं होतं आणि दादांनी कानाडोळा केला होता. दादांनी चिपळ्या खाली ठेवल्या, डोक्यावरचा फेटा काढला आणि खुर्चीपुढे जमिनीवर बसले. बसले ते पंचांचं संपेपर्यंत उठले नाहीत. त्या वर्षी कीर्तन झालंच नाही. दादा मरेपर्यंत म्हणायचे की माझं सगळ्यात चांगलं कीर्तन तेच.

इथं बंगळुरात ही चाल मी आणली. शिवाजीनगरातला हॉल दुसऱ्या मंडळीचा. रविवारी दुपारी तो आपल्याला मिळतो. निपाणी-चिकोडीकडची जुनी माणसं, पुण्या-मुंबईहून आलेली तुमच्यासारखी कंप्युटरवाली पोरं, सगळी मिळून आपण पन्नास-साठ जण. इतक्या वर्षांत त्या खुर्चीची गंमतच होऊन गेली होती. फिर्याद आहे का विचारलं की कुणी म्हणायचं, चहात साखर जास्त पडते. कुणी म्हणायचं, परसूभाऊ गाडी आडवी लावतात. हसणं व्हायचं, मीही हसायचे आणि पद सुरू करायचे. पण तुला मी गंमत सांगितली नाही. तुला मी साळूबाईची गोष्ट सांगितली.

आणि त्या स्तोत्राबद्दल काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी माझ्यावरच खूश होते. मी म्हटलं, जगातल्या राजांची ओळख त्यांच्या फौजेवरून होते, खजिन्यावरून होते. या राजाच्या स्तोत्रातही सोनं आहे, दूरदूरच्या बेटांहून नजराणे येतात, डोंगरमाथ्यावर धान्य डोलतं, पण ते सगळं मागाहून. त्याच्या राज्याची खरी खूण ही, की ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही त्यानं हाक मारली की राजा ऐकतो. त्याचं रक्त राजाच्या नजरेत मोलाचं असतं. तू शेंग हातात तशीच धरून ऐकत होतीस. मग तू विचारलंस, “आई, आणि त्रास देणारा राजाच्या घरातलाच कुणी असेल तर?”

आर्या, तेव्हा मी तुझ्याकडे बघायला हवं होतं. मी परातीकडे बघत उत्तर दिलं. उत्तर मात्र झकास दिलं. म्हटलं, स्तोत्राची सुरुवातच बघ ना, राजाला न्याय दे आणि राजपुत्राला नीतिमत्त्व दे, अशीच ती प्रार्थना आहे. घरच्यांना सूट नाही. उलट न्याय घरापासूनच सुरू व्हायचा. बोलता बोलता मला वाटलं, मुद्दा छान आहे, कीर्तनात घालावा. आणि मी तो घातला. तू काय विचारत होतीस हे मला कळलं नव्हतं असं मी इथं लिहिणार होते. लिहून खोडलं. कळलं होतं.

कारण भिंत एकच आहे ना, तुमच्या खोलीची आणि बैठकीची. दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी तुमच्या दोघांच्या मीटिंगा संपल्या की तुमच्या खोलीचं दार लागायचं, आधी त्याचा आवाज चढायचा, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि मग तू काहीच बोलायची नाहीस. त्या वेळी हे खाली फिरायला गेलेले असत. घरात मी एकटी. पहिल्या वेळी मी उठून दारापर्यंत गेले. हात वर केला, कडी वाजवायला. मग परत येऊन पेटी काढली आणि रियाजाला बसले. पुढं ते रोजचंच झालं. दार लागलं की मी भाता ओढायची. वर्षाचं पहिलं कीर्तन जवळ आलंय, तयारी करायला हवी, असं मी स्वतःला सांगायची. एकदा रात्रीच्या भाकरी करताना तू सहज म्हणाल्यासारखं म्हणालीस, आई, तुम्ही रोज बरोबर त्याच वेळी रियाज करता. मी म्हटलं, संध्याकाळी सूर चांगला लागतो.

तू त्या दिवशी डाव्या हातानं पीठ मळत होतीस. उजवं मनगट सुजलं होतं. मी हळद आणि तेल गरम करून लेप लावला, वर मऊ पट्टी बांधली, एक शब्द विचारला नाही. आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला काय वाटलं असेल? मला वाटलं, किती माया करते मी सुनेवर. सांगायला तोंड नाही, पण सांगते, कारण याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मारणाऱ्याचा हात धरायचा सोडून मी हळद उगाळत बसले आणि वर स्वतःचं कौतुक केलं. डिसेंबरात बंगळुरात सगळेच बाह्यांचे स्वेटर घालतात. त्यामुळं मंडळीत कुणाला काही दिसलं नाही, हेही तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आता तो रविवार. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे तू ऐकायला हवंस. खुर्ची ठेवली होती, शाल तूच इस्त्री करून दिली होतीस. कल्लाप्पाअण्णा ढोलकीवर, हे झांजेवर. ध्रुव नेहमीसारखा मागं, आवाजाच्या मशीनपाशी. मी विचारलं, राजासमोर कुणाची फिर्याद आहे का. दयानंद पाटोळ्यांनी कुणाच्या तरी चपलेचं काहीतरी सांगितलं, सगळे हसले. मी चिपळ्यांकडे हात नेला. तेवढ्यात तू उठलीस. तुझ्यासमोर माइक नव्हता, तरी तुझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “माझी फिर्याद आहे. ध्रुवबद्दल. तो मला...” इतकंच तू म्हणालीस.

इतकंच म्हणू दिलं मी तुला. माझी बोटं पेटीवर कधी गेली ते मला कळलं नाही असं म्हणण्याचा मोह होतो आहे, पण मला कळलं. मी मागं ध्रुवकडे पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि सूर धरला. आणि गायले काय, तर दादांनी रचलेलं ध्रुपद, हाक मारणाऱ्याची हाक राजा ऐकतो, अडल्याला तो सोडवतो. तुझ्या तोंडावर. झांज लगेच आली. यांना काही समजलं नव्हतं, माझ्यामागे वाजवायची त्यांची सवय. ढोलकी मात्र आली नाही. अण्णांनी दोन्ही हात ढोलकीवर पालथे ठेवले होते. पुढं वाकून ते मला म्हणाले, “अक्का, स्वल्प थांबा की.” मी थांबले नाही. ढोलकीशिवाय पुढचं कडवं घेतलं. ध्रुव मशीनपाशी नुसता उभा होता. त्यानं एक बटण दाबलं नाही. त्याला काही करावंच लागलं नाही, मी होते.

तू जराशी उभी राहिलीस. मला वाटलं तू बसशील. तू खुर्चीकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही, आणि ओढणी सावरून बाहेर गेलीस. अण्णा ढोलकी बाजूला ठेवून तुझ्यामागे गेले. मी पूर्वरंग केला, उत्तररंग केला, राजपुत्राला नीतिमत्त्व हवं हा तुझ्याकडून मिळालेला मुद्दाही रंगवून सांगितला. त्या दिवशी माझा आवाज लागला तसा आजवर कधी लागला नव्हता. हे खरं आहे. वरचा सूर असा स्वच्छ लागला की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

मंडळीतल्या प्रणीतनं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळी त्यानं ते मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. खाली अभिप्राय आले, काकू, काय गायलात, अंगावर काटा आला. मी ते ऐकलं. सुरुवातीला चपलांचं हसणं आहे, मग तुझा आवाज आहे, 'तो मला' पर्यंत, आणि मग पेटी. एवढी स्पष्ट, की कुणालाही वाटावं ठरवूनच सुरू केलंय. काही जणांना वाटलं तू गंमतच करत होतीस, ध्रुव मला घरकामात मदत करत नाही वगैरे. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. मग ते पुण्याचं आणि आईच्या आजारपणाचं रचलं. यांनी तो व्हिडिओ मात्र पुन्हा पुन्हा लावून ऐकला, मान खाली घालून. मग मला विचारलं, पुढं काय म्हणणार होती ती. मी म्हटलं, मला काय... हे माझ्याकडे बघत राहिले. संसारात पहिल्यांदाच त्यांचं वाक्य पुरं झालं होतं आणि माझं अर्धं राहिलं.

त्याच रात्री मी यांना सगळं सांगितलं. भिंत, पेटी, हळद, सगळं. ते रडले. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. ध्रुवशी ते बोलले, दार लावून, आणि त्या दिवशी मी पेटीला हात लावला नाही. आतून मला ध्रुवचं रडणं ऐकू आलं. आर्या, तो माझा मुलगा आहे. लहानपणी ताप आला की माझा पदर सोडायचा नाही. हे मी तुला त्याच्यासाठी दया यावी म्हणून लिहीत नाही. तुला कळावं म्हणून लिहिते की त्या दिवशी चेहऱ्याकडे पाहून मी सूर धरला तो कुणाचा चेहरा होता. समजण्यासारखं आहे, असं कुणीही म्हणेल. मीही इतके दिवस स्वतःला तेच म्हणत होते. पण त्या स्तोत्रात असं कुठंही नाही की हाक ऐकावी, फक्त आपल्या मुलाविरुद्ध असेल तर सोडून.

रडून झाल्यावर चार दिवस गेले. मग त्याचं दुसरंच सुरू झालं. त्यानं मंडळीच्या पंचांना जाऊन सांगितलं की आर्याला ऑफिसचा ताण झेपत नाही, तिचं डोकं ठिकाणावर नाही, तुम्ही बसून तिची समजूत घाला आणि तिला घरी आणा. पंच भले आहेत, त्यांना लगेच पटलं. येत्या रविवारी उपासनेनंतर ते बसणार आहेत. तुलाही निरोप येईल. घरातली मोठी बाई म्हणून मला त्यांनी मुद्दाम बोलावलंय. मी सांगितलेलं सगळे मानतील, हे ध्रुवला माहीत आहे. काल जेवताना तो मला म्हणाला, “आई, तू फक्त एवढंच सांग, की घरात तसं काही नव्हतं.” अगदी मऊ आवाजात म्हणाला. लहानपणी शाळेला दांडी मारायची असली की चिठ्ठी लिहून दे म्हणायचा, त्याच आवाजात. तेव्हा मी लिहून द्यायचे.

आज सकाळी मी त्याला उत्तर दिलं. म्हटलं, मी जे ऐकलंय ते सांगणार आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याच्यावर हात उचललाय. मग खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी बैठकीत पेटीशेजारीच बसले होते. हात जुन्या सवयीनं भात्याकडे गेला आणि मी तो मांडीखाली दाबून धरला. बराच वेळ तशीच बसले. घर शांत होतं, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की तू त्या दारामागे बसून काय ऐकत होतीस. तू माझी पेटी ऐकत होतीस. सासूबाई घरात आहेत, जाग्या आहेत आणि गाताहेत, हे तू ऐकत होतीस. मग मी उठून कागद घेतला.

म्हणून हे पत्र. क्षमा मागण्यासाठी नाही. क्षमा मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि आत्ता तुझ्याकडून काहीही घेण्याचा मला हक्क नाही. सांगायचं ते एवढंच. रविवारी खुर्ची पुन्हा मांडायची, असं मी पंचांना सांगितलंय आणि कल्लाप्पाअण्णांनी शाल धुऊन आणायचं कबूल केलंय. भिंतीच्या अलीकडे मी जे ऐकलं, मनगटावर जे पाहिलं आणि कीर्तनात जे केलं, ते मी खुर्चीपुढे खाली बसून सांगणार आहे, ध्रुव समोर असताना. ती माझी साक्ष आहे, तिच्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. पण 'तो मला' च्या पुढचं वाक्य तुझं आहे, ते मी पुरं करणार नाही. तुला यायचं असेल तर ये, सोनमला घेऊन ये, तुझ्या आईला पुण्याहून बोलावून घे. यायचं नसेल तर येऊ नकोस. पंचांच्या पुढं, पोलिसांत किंवा कोर्टात, तू जिथं बोलायचं ठरवशील तिथं मी येऊन हेच सांगेन. परत ये असं मी म्हणत नाही. दादा साळूबाईसमोर जमिनीवर बसले होते, ते मी लहान असताना पाहिलंय आणि जन्मभर लोकांना सांगत आलेय. बसायची वेळ आली तेव्हा मी गायले. रविवारी मी पेटी घरीच ठेवून येणार आहे.

तुझीच म्हणायचा अधिकार उरलाय की नाही ते ठाऊक नाही, तरी तुझीच,
सुखदा